सर्पांच्या अंगावरील परोपजीवी व उपेक्षित सरपटणाऱ्या प्राण्यांची शुश्रूषा

श्रावण शुद्ध पंचमीस आपल्या घरांतून पाटावर गंधाने नाग रेखाटले जातात, लाह्या-दुधाचा नैवेद्य होतो, आणि त्या दिवशी विळीने काही चिरावयाचे नाही, तव्यावर काही भाजावयाचे नाही, जमीन खणावयाची नाही, हा नेम वडीलधारी मंडळी अजूनही पाळतात. बडोद्यास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांनीही हा कुळाचार सोडलेला नाही. मात्र पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मोरीत खराखुरा साप निघाला, की तेच हात काठी शोधू लागतात. अलीकडे यात एक चांगला पालट दिसतो. तरुण मंडळी काठीऐवजी दूरध्वनी उचलतात व सर्पमित्रास बोलावितात. साप मारू नये एवढे आता पुष्कळांना पटले आहे. पण जिवंत धरलेल्या सापाचे पुढे काय करावे, तो आजारी असेल तर काय पाहावे, हे ज्ञान त्या मानाने थोडे आहे. नुसत्या दयेने जीव वाचत नाही, हे मी एका चुकीतून शिकलो. ती चूक प्रथम सांगतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, दांडिया बाजारातील आमच्या वाड्याच्या मागील मोरीत एक धामण सापडली. ती रोडावलेली होती आणि तिच्या मानेवर, डोळ्यांच्या कडेला व पोटाच्या खवल्यांखाली एरंडीच्या बियांसारखे करडे दाणे चिकटलेले होते. त्या गोचिडी होत्या. मी शास्त्रविषय शिकविणारा म्हणून वाड्यातील मुलांनी ती डब्यात घालून माझ्याकडे आणली. "गुरुजी, हिला बरी करा," असे एका मुलीने म्हटले. गुरांच्या गोचिडींवर रॉकेल लावलेले मी लहानपणी पाहिले होते. तोच उपाय मी केला. फडके रॉकेलात भिजवून धामणीचे सर्वांग पुसले आणि तिला पुन्हा डब्यात ठेवून झाकण लावले. सकाळी ती मेलेली होती. गोचिडी मात्र अंगावर तशाच होत्या. त्या मुलीला काय सांगावे हे मला सुचले नाही. पुढे जे वाचले, विचारले व पाहिले, त्याचे सार आपल्या न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने सभासदांपुढे ठेवीत आहे.

परोपजीवी आणि त्याचा आश्रयदाता

जो जीव दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्या रक्तावर अथवा अन्नावर निर्वाह करतो, तो परोपजीवी होय. रानातील बहुतेक प्रत्येक सापावर असा एखादा भाडेकरू असतोच. दोन-चार गोचिडी अंगावर असलेली धामण उंदीर धरते, कात टाकते, अंडी घालते. हजारो वर्षांच्या सहवासात दोघांचे एक प्रकारचे जमलेले असते. आश्रयदाता मेला तर परोपजीवीही मरतो, म्हणून निसर्गात हा व्यवहार सहसा बेताने चालतो.

हा समतोल मोडतो तो प्रायः माणसाच्या हातून, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले जागेचे. रानातील साप आज या बिळात तर उद्या त्या वारुळात असतो. त्याच्या अंगावरून गळलेली अंडी, त्याची विष्ठा, त्याची कात ही सर्व मागे राहतात. टोपलीत किंवा पेटीत कोंडलेल्या सापाला ती मागे टाकता येत नाहीत, आणि अंड्यांतून निघालेली प्रत्येक नवी पिढी पुन्हा त्याच्याच अंगावर चढते.

दुसरे कारण उष्णतेचे. साप, पाल, कासव, मगर हे प्राणी आपल्यासारखी शरीराची उष्णता आतून राखीत नाहीत. ऊन आणि सावली यांची निवड करून ते ती जमवितात. त्यांची पचनशक्ती व रोगाशी झुंजण्याची शक्तीही या उष्णतेवर अवलंबून असते. थंडीच्या दिवसांत पत्र्याच्या डब्यात घालून फरशीवर ठेवलेला साप खाल्लेले पचवू शकत नाही, जखम भरून काढू शकत नाही, आणि परोपजीवींना तोंड देऊ शकत नाही. म्हणून पेटीभर किडे झालेला साप दिसला, तर आधी त्याच्या राहण्याच्या जागेची चौकशी करावी.

गोचीड

आपल्या देशात धामण, नाग, अजगर आणि घोरपड यांच्यावर आढळणारी एक गोचीड शास्त्रज्ञांनी अँब्लिओमा गर्व्हेसाय या नावाने नोंदली आहे. तिचे वर्णन १८४७ साली प्रथम झाले. पूर्वी तिची गणना अपोनोमा या निराळ्या कुळात करीत असत. अंड्यातून निघालेल्या पिल्लास सहा पाय असतात. रक्त पिऊन कात टाकल्यावर आठ होतात, आणि आणखी एकदा रक्त पिऊन ती पूर्ण वाढते. प्रत्येक जेवणानंतर ती खाली गळून पडते आणि पुढच्या आश्रयदात्याची वाट पाहते.

गोचीड खवल्यांच्या फटींत, डोळ्यांभोवती व शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलद्वाराजवळ, म्हणजे जेथे कातडी मऊ असते तेथे सोंड रोवते. ती काढावयाची तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरावी आणि न पिळता, न झटकता, सरळ व सावकाश ओढावी. पोट धरून ओढल्यास सोंड आत तुटून राहते व तेथे पू होतो. रॉकेल, टर्पेंटाइन, तंबाखूचे पाणी, पेटती उदबत्ती हे उपाय कधीही करू नयेत. सापाची कातडी कोरडी व चिवट दिसली तरी विषारी द्रव्ये तिच्यातून आत जातात, आणि बंद डब्यातील वाफ फुप्फुसात जाते ती वेगळीच. माझ्या धामणीचे हेच झाले असले पाहिजे.

सर्पाचा माइट

गोचिडीपेक्षा घातक असा तिचा एक छोटा भाऊबंद आहे. त्याला माइट म्हणतात. पिकांवर जी कोळीकीड पडते, तिच्याच दूरच्या नात्यातला हा जीव आहे. सर्पांवरील माइटचे शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस असे असून ते १८४४ पासून रूढ आहे. सर्पालये, प्राण्यांचे व्यापारी आणि हौशी लोकांच्या पेट्या यांच्यामार्फत तो जगभर पसरला आहे. पूर्ण वाढलेली मादी सुमारे एक मिलिमीटर लांब असते. रक्त प्यालेली मादी काळपट, खसखशीच्या दाण्याएवढी दिसते.

या जीवाचा जीवनक्रम समजला म्हणजे उपायही समजतो. अंडे, पिल्लू, पहिली बालावस्था, दुसरी बालावस्था आणि प्रौढ अशा त्याच्या पाच अवस्था आहेत. त्यांपैकी रक्त पितात त्या दोनच, पहिली बालावस्था आणि प्रौढ. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा हा प्रवास दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. एक मादी आपल्या आयुष्यात साठ ते ऐंशी अंडी घालते, आणि ती सापाच्या अंगावर न घालता पेटीच्या सांध्यांत, लाकडाच्या चिरेत, अंधाऱ्या व दमट कोपऱ्यात घालते. म्हणजे आज एकच मादी असली तर महिना-दीड महिन्यात पेटी भरून जाते. आणि नुसता साप धुऊन काढला, तर लढाई अर्धीच झाली. शत्रूचे घर पेटीत आहे.

लक्षणे ओळखणे कठीण नाही. साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहतो, कारण पाण्यात किडे बुडतात. डोळ्याच्या कडेच्या खाचेत व हनुवटीखाली काळे ठिपके हलताना दिसतात. खवल्यांवर राखेसारखी पांढरी धूळ दिसते. ती माइटची विष्ठा असते. साप अस्वस्थ होतो, खाणे टाकतो, आणि कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते. निरोगी साप पायमोजा उलटा काढावा तशी सबंध कात टाकतो, डोळ्यावरचे पारदर्शक झाकणसुद्धा तिच्याबरोबर निघते. ते झाकण मागे राहिले तर साप आंधळ्यासारखा होतो. लहान साप रक्त कमी होऊनच मरतात.

उपाय कष्टाचा आहे, गूढ नाही. आजारी साप प्रथम इतरांपासून वेगळा करावा. पेटीतील माती, पाने, लाकूड सर्व काढून टाकावे आणि त्याऐवजी कोरा कागद अंथरावा. कागद रोज बदलावा. पेटी उकळत्या पाण्याने सांध्यांसकट धुऊन उन्हात वाळवावी. सापाला कोमट पाण्यात, डोके वर राहील इतक्या पाण्यात, थोडा वेळ नजरेखाली बसवावे. औषध पशुवैद्याने वजन पाहूनच द्यावे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आयव्हरमेक्टिन हे औषध सापांच्या माइटवर वापरतात, परंतु कासवांना ते प्राणघातक ठरते. सापाचे औषध कासवाला चालेल हा तर्क करू नये. एकदा उपचार झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झालीच पाहिजे, कारण तोवर राहिलेल्या अंड्यांची नवी पिढी बाहेर आलेली असते.

शरीरातील परोपजीवी

डोळ्यांना न दिसणारे परोपजीवी याहून पुष्कळ आहेत. आतड्यात गोलकृमी व पट्टकृमी असतात. रक्तपेशींत हेपॅटोझून नावाचे सूक्ष्म जीव असतात. आणि फुप्फुसात एक विलक्षण प्राणी असतो. काही जातींचा आकार जिभेसारखा म्हणून त्याला जिव्हाकृमी म्हणावयाचे, पण तो कृमी नसून खेकड्या-झिंग्यांच्या वर्गाचा नातलग आहे. यांच्यापैकी रायलिएटिएला ओरिएंटॅलिस या आशियातील जातीची कथा मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

ही जात मूळची आशियातील सापांच्या फुप्फुसात राहणारी. तिची अंडी सापाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, ती झुरळासारखे कीटक खातात, कीटकांना बेडूक व सरडे खातात, आणि त्यांना साप खातो. अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थानात हौशी लोकांनी पाळावयास नेलेले ब्रह्मदेशी अजगर सुटले किंवा सोडले गेले, आणि तेथील दलदलीत त्यांची वसाहत झाली. त्यांच्या फुप्फुसांतून हा भाडेकरूही तेथे पोहोचला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की तो आता फ्लोरिडाच्या मूळच्या सापांत शिरला आहे, आणि जेथे अजगर पोहोचलेले नाहीत तेथेही पसरत आहे. तेथील सापांचा त्याच्याशी पूर्वपरिचय नाही. जो समतोल आशियात हजारो वर्षांत जमला, तो तेथे नाही. तेथील छोट्या खुळखुळ्या सापांत त्याने मृत्यू घडविले आहेत.

आफ्रिकेतील कासवांबरोबरही असेच घडले. त्यांच्या गोचिडी फ्लोरिडात पोहोचल्या, आणि त्या गुरांचा एक भयंकर रोग वाहून नेऊ शकतात हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या शेतीखात्याने २००० साली तीन जातींच्या आफ्रिकी कासवांची आयात बंद केली.

या दोन कथांचा बोध आपल्या गल्लीपर्यंत पोहोचतो. कोठून तरी आणलेला, बाजारात इतर प्राण्यांबरोबर कोंडलेला साप किंवा कासव आपण पुण्य म्हणून नदीकाठी सोडतो, तेव्हा एकटा तोच मोकळा होत नाही. त्याच्या अंगातले सर्व भाडेकरूही मोकळे होतात.

उपेक्षा दोन प्रकारची

पहिली उपेक्षा गारुड्याच्या टोपलीतली. पंचमीच्या सुमारास दारावर येणारा नाग बहुधा आधी पुष्कळ भोगून आलेला असतो. त्याचे दात उपटलेले असतात, कित्येकदा तोंड शिवलेले असते, आणि तोंडात पू झालेला असतो. त्याला अनेक दिवस अन्नपाणी दिलेले नसते, म्हणून वाटीत जे मिळेल ते तो तहानेपोटी पितो. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसे बिघडतात. हळदकुंकू डोळ्यांत व नाकपुड्यांत जाते. दात काढलेला नाग रानात सोडला तरी शिकार करू शकत नाही. गारुड्यांवर राग धरून मात्र भागणार नाही. ती पिढीजात गरिबी आहे. तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांनी १९७८ साली सहकारी संस्था काढली. ते साप धरतात, लस तयार करण्यासाठी त्यांचे विष काढतात व त्यांना परत सोडतात. जुन्या कसबाला नवे व प्रतिष्ठेचे काम मिळू शकते, याचा हा पुरावा आहे.

दुसरी उपेक्षा आपल्या घरातली, आणि ती प्रेमाची आहे म्हणून दिसत नाही. आपल्या ओळखीच्या किती घरी चांदणी कासव आहे, हे वाचकांनी मनाशी मोजावे. घरात कासव असले की लक्ष्मी नांदते, या समजुतीने ते आणले जाते. आणि मग पाण्याच्या टबात ठेवले जाते! चांदणी कासव हे पाण्यातले नव्हे. ते गुजरात-राजस्थानच्या व दक्षिणेच्या कोरड्या माळरानावर गवत, पाने, फुले व पडलेली फळे खाऊन राहणारे आहे. टबात त्याला सर्दी होऊन फुप्फुसे सुजतात. पाव, चुरमुरे व दूधभात खाऊन आणि ऊन न मिळून त्याचे कवच मऊ व वेडेवाकडे होते. पाण्यातल्या कासवांची तऱ्हा उलट. घाणेरड्या टाकीत त्यांच्या कवचाच्या कडांना जळवा लागतात आणि कोरडे बसावयास दगड नसल्याने कवच कुजते. दोन्ही प्राणी वर्षानुवर्षे मुकाट्याने झिजतात. कुत्रा केकाटतो, मांजर ओरडते. कासव काहीच बोलत नाही, म्हणून ते सुखी आहे असे आपण धरून चालतो.

चांदणी कासवाची चोरटी निर्यात इतकी वाढली, की २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारनियमांत त्यास सर्वांत कडक बंदीच्या यादीत घालण्यात आले. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते घरी पाळणे हा गुन्हा आहे. घरी असलेल्या कासवाविषयी वन विभागास आपण होऊन कळविणे व ते त्यांच्या स्वाधीन करणे, हाच योग्य मार्ग. ते गुपचूप तलावात नेऊन सोडणे म्हणजे माळरानाच्या प्राण्यास बुडविणे होय.

सुटका कशी असावी

बडोद्याच्या नागरिकास हा विषय परका नाही. विश्वामित्री नदी शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात २७ ते २९ तारखांच्या तीन दिवसांत वस्त्यांतून २४ मगरी पकडण्यात आल्या, आणि त्यांच्याबरोबर नाग, इतर साप व कासवेही. वन विभाग आणि स्वयंसेवक यांनी रात्रंदिवस श्रम केले. अशा प्रसंगी आपण काय करावे, याचे काही नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला नियम, स्वतः साप धरू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप ओळखण्यात जाणतेही चुकतात. मुलांना दूर करावे, सापावर लांबून नजर ठेवावी, आणि वन विभागास किंवा अनुभवी सर्पमित्रास कळवावे. दंश झालाच तर मंत्रतंत्रात वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे. प्रतिविष हाच त्यावर उपाय आहे.

दुसरा नियम, एका पिशवीत एकच साप. तीन ठिकाणचे तीन साप एका पोत्यात घातले, तर एकाच्या माइट तिघांवर होतात. वापरलेली पिशवी उकळत्या पाण्यात घालून उन्हात वाळवावी. सर्पमित्र तरुणांनी हा नियम विशेष लक्षात घ्यावा, कारण अनेक साप एकाच हातांतून व एकाच सामानातून जातात.

तिसरा नियम, निरोगी रानटी साप लवकर आणि जवळ सोडावा. दोन गोचिडी दिसल्या म्हणून त्याला आठवडाभर डांबून ठेवू नये. दूरच्या जंगलात नेऊन सोडलेल्या सापाला बिळे, पाणी व भक्ष्य यांचा पत्ता नसतो. तो भटकत राहतो आणि बहुधा मरतो.

चौथा नियम याच्या उलट आहे. जो प्राणी बराच काळ कोंडलेला होता, तो बाजारातला असो की टोपलीतला, त्याची तपासणी झाल्याविना तो सोडू नये. जाणते लोक अशा सापाला दोन ते तीन महिने निराळे ठेवतात. तेवढ्या काळात माइटच्या कित्येक पिढ्या उघड होतात, विष्ठा तपासून कृमी कळतात, तोंडाची जखम भरते. काही प्राणी पुन्हा कधीच सोडण्याजोगे होत नाहीत. त्यांचा सांभाळ शेवटपर्यंत करावा लागतो. पुण्यास कात्रज येथे १९८६ मध्ये सर्पोद्यान निघाले, चेन्नईस १९७२ पासून सर्पोद्यान आहे. अशा संस्थांचे काम प्रदर्शनापुरते नसते, हे देणगी देताना लक्षात असावे.

आपले स्वतःचे आरोग्य

सापाचा माइट भुकेला असला तर माणसाच्या हातावर चढतो व खाजरे पुरळ उठवितो. तो मनुष्यावर वस्ती मात्र करीत नाही. साप-कासवांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. कासव हाताळून मुलांनी तोच हात तोंडात घातला तर जुलाब व ताप येतो. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी आहे. २०२२ साली ऑस्ट्रेलियात एका स्त्रीच्या मेंदूतून शस्त्रक्रियेने सुमारे आठ सेंटिमीटर लांबीचा जिवंत गोलकृमी काढण्यात आला. तो तेथील अजगराच्या पोटात राहणाऱ्या जातीचा होता. ती स्त्री तळ्याकाठची रानभाजी खुडीत असे. अजगराच्या विष्ठेतील अंडी त्या पाल्यावरून तिच्या पोटात गेली असावीत, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. मनुष्यात ही जात आढळल्याची ही पहिलीच नोंद होती, तेव्हा भिण्याचे कारण नाही. पण प्राण्यास हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, त्यांची भांडी स्वयंपाकघरातील मोरीत घासू नयेत, आणि रानातली भाजी स्वच्छ धुऊन घ्यावी, एवढे प्रत्येक गृहिणीने घरात सांगून ठेवावे.

समारोप

शंभर प्राण्यांपैकी नव्याण्णव प्राणी आपणांस आवडतात व एकाची किळस येते, तेव्हा आपल्या भूतदयेची परीक्षा त्या एकापाशी होते. अंगावर गोचिडी भरलेला, तोंड सुजलेला, कात अडकलेला साप पाहून मन मागे घेते. माझेही घेत असे. परंतु त्याची ती कुरूपता बहुतेक वेळा आपल्यापैकी कोणीतरी त्याला दिलेली असते, हे समजल्यावर किळस ओसरते.

आपला न्यास गेली कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना वह्यापुस्तके व रुग्णांना औषधे पुरवीत आला आहे. सभासदांनी आणखी दोन लहान गोष्टी मनावर घ्याव्यात. येत्या पंचमीस दारावरील टोपलीत पैसा टाकण्याऐवजी पाटावरील नागाचीच पूजा करावी, आणि घरी कासव असल्यास वन विभागास कळवावे. यास खर्च लागत नाही.

ज्या मुलीने मला "हिला बरी करा" म्हणून सांगितले होते, ती आज स्वतः आजी झाली असेल. तिला त्या सकाळी जे सांगता आले नाही, ते इतक्या उशिरा येथे सांगितले आहे. तिच्या नातवंडांच्या हाती एखादी धामण आली, तर त्यांनी रॉकेलाची बाटली न शोधता जाणत्यास बोलवावे, एवढीच इच्छा आहे.